रुळांतली रांगोळी

मुलुंड, मंगळवार संध्याकाळ

टेबलावरच्या माझ्या छोट्या आगगाडीच्या रुळांत आज खडी पडली. माझ्या हातून पडली, हे आधी लिहून ठेवतो.

खडी म्हणजे सुमनची भरड रांगोळी, राख मिसळून करडी केलेली. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा अंगठा बोटाला टेकत नाही, मग चिमूट कशी धरणार? आठवडाभर ती म्हणतेय, "अहो, द्या इकडे, दोन मिनिटांत टाकते." मी देत नव्हतो. तिने टाकली तर या स्टेशनात माझं काय उरलं?

आज तिने रांगोळी काढायची भोकाभोकांची नळी भरून माझ्या हातात दिली. "मूठ तरी वळते ना? मग ढकला."

ढकलली. रेघ वाकडी गेली, फलाटावरही सांडली. अंगठा आपला बाजूला, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा. पण शाळेत कविता म्हणताना लागायची तशी लय लागली, आणि चाल गुणगुणत थेट वळणापर्यंत पोचलो.

"फलाट झाडून देऊ?"

"राहू दे गं. गावच्या स्टेशनावर रोज कोण झाडतं?"

मग गाडी सोडली. खडखडली, पण अडली नाही. सुमन खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "परत सोडा."