पहिलं कडं मिटेपर्यंत

४ नोव्हेंबर, मंगळवार

दोरा तोडला. सातव्यांदा! शटल भिंतीवर फेकून मारलं. फुटलंसुद्धा नाही मेलं.

शटल म्हणजे बोटभर लांबीची प्लास्टिकची होडी. पोटात दोरा गुंडाळायचा आणि गाठी मारत लेस विणायची. याला टॅटिंग म्हणतात. हे खूळ शेजारच्या ज्योत्स्नाबाईंचं. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. ऑगस्टमध्ये मला लकव्याचा झटका आला, तेव्हापासून डावी मूठ उघडत नाही. व्यायामाला पिवळा चेंडू दिला होता. मी काय तान्ही आहे? दिला परत. मग या बाई शटल घेऊन आल्या.

"ह्याच्यात डावा हात उघडावाच लागते, मॅडम. न्हाई उघडला तर लेस न्हाई."

६ नोव्हेंबर

शिल्पाचा फोन, नांदेडहून. "आई, लातूरचं घर बंद कर, माझ्याकडे ये." मला एका हाताने कुकरचं झाकण लागत नाही, हे लेकीने दिवाळीत पाहिलं. तेवीसला न्यायला येते म्हणे. न्यायला! मी काय सामान आहे?

म्हटलं, तोवर झाकण लावून दाखवलं तर? मग म्हणाली, "दाखव. मग नाही नेणार."

जावईबापू सोमेश तर दिवाळीलाही फिरकले नाहीत. "बँकेत काम आहे." पाडव्याला बँक! शिल्पाला चांगलं सुनावलं — नवऱ्याला वळण लावता येत नाही तुला.

९ नोव्हेंबर, रविवार

गाठी बसतात, पण सरकत नाहीत. न सरकणाऱ्या गाठींचं कडं, म्हणजे लेसचा गोल, मिटत नाही. ज्योत्स्नाबाई पोट धरून हसल्या.

"दोऱ्याला छडी मारून राहिल्या तुम्ही! शटलचा दोरा ताणून सरळ करा अन् डावा हात सैल सोडा. गाठ आपसूक दुसऱ्या दोऱ्यावर जाते."

आपसूक! पस्तीस वर्षं पोरींना इंग्रजी शिकवलं. आपसूक झालेली एक गोष्ट पाहिली नाही.

कॉन्व्हेंटमध्ये शिवणकामाच्या सिस्टरने माझ्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं — हात चांगला, स्वभाव नाही. मी अजून चिडलेली आहे.

१२ नोव्हेंबर

तेवीस गाठी. एकही सरकली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गेली! गाठ पलीकडे गेली!

हे नीट लिहून ठेवते, उद्या माझाच विश्वास बसणार नाही. डाव्या बोटांवर दोरा घेतला होता. बोटं इतकी थकली होती की धरून ठेवायचं त्राण उरलं नाही. ती सुटली. त्याच क्षणी उजव्या हाताने शटलचा दोरा ताणला — आणि जो दोरा वेढा घालत होता तो सरळ झाला. जो सरळ होता त्याने त्याला वेढा घातला. माझ्या डोळ्यांदेखत! मी काही केलं नाही. फक्त धरलं नाही.

गाठ बोटाने ढकलली. मण्यासारखी घरंगळली.

पुन्हा केलं. पुन्हा गेली. चहा गार झाला, त्यावर साय धरली.

कुंपणावरून ओरडून सांगितलं. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "हाव मग! मी काय बोंबलून राहिले होते?" मग त्यांनी लेक महामायाची पांढरी साडी आणून दाखवली. पदराला वीतभर लेस, कड्याला कडं जोडलेलं. ड्यूटीच्या मधल्या वेळात, दोन वर्षं. प्रत्येक गाठ अशी उडी मारून गेलेली! हजारो! या बाईशी मी बारा वर्षं फक्त नळाच्या पाण्यावरून भांडले.

१९ नोव्हेंबर

कडं मिटलं. शटलचा दोरा ओढला, आणि सगळ्या गाठी माना खाली घालून गोल जमल्या. शर्टाच्या गुंडीएवढं. खिडकीत उजेडासमोर धरलं. किती वेळ, माहीत नाही.

मूठही उघडतेय. पूर्ण नाही, पण कुकरचं झाकण धरण्याइतकी. तीन शिट्ट्या! वरण करपलं. खाल्लं.

२३ नोव्हेंबर, रविवार

शिल्पा आली. तिच्यासमोर झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कडं तिच्या तळहातावर ठेवलं. "जिंकलीस गं आई," म्हणाली. उद्या सकाळी एकटी परत जाते म्हणे. चेहरा उतरला होता. हरायला कुणाला आवडतं!

जेवली मात्र नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सोमेश जूनमध्येच घर सोडून गेला. पाच महिने पोर एकटी राहतेय. मला न्यायचं होतं ते माझ्या हातासाठी नव्हतंच. सकाळी चप्पल घालताना सांगितलं — "भीती वाटायची आई. तू बोलतेस ना."

मी एक शब्द बोलले नाही. दुपारच्या गाडीने दोघी निघतोय.