बारा त्याची, तेरा हिची

२८ नोव्हेंबर

विसरलास ना? सगळं विसरलास! परवा एवढं बोलले, त्यातलं एक अक्षर तुझ्या पोटात राहिलं नाही. आणि घरात विसरभोळी कोण, तर म्हणे आक्का! ऋतुराज म्हणतो, "आक्का, बोलून झालं की खालचं बटन दाबायचं असतंय, तवा त्यो ठेवून घेतोय." म्हणजे तोवर तू नुसता ऐकल्यासारखं करतोस. अगदी माझा नवरा! तोही असाच ऐकायचा, हूं हूं करत.

तर पुन्हा सांगते. मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही. शाळेच्या वयात म्हशींमागे होते आणि म्हशींना अक्षरं लागत नाहीत. मुलानं त्याचा जुना फोन दिलाय. मी बोलायचं, तू उमटवायचं, मग मलाच वाचून दाखवायचं. माझं 'हाय' तू 'आहे' करतोस. शिकलेला दिसतोस, चालू दे. कोण काय बोललं, मीसुद्धा, ते तेवढं जसंच्या तसं ठेव.

घरात चौघं. मी, मुलगा ऋतुराज, सून वर्षाराणी आणि नात अवंतिका — म्हणजे अवू. तिला पाच पूर्ण होतायत. तेरा डिसेंबरला गच्चीवर वाढदिवस. यंदा दणक्यात करायचा, असं वर्षानं ठरवलंय. अख्खी गल्ली बोलवणार म्हणते.

साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. आमच्या सगळ्या बावडा गावाला मळीचा वास. हा वास आला की मला कळतं, तारीख जवळ आली. तेरा नव्हे. दुसरी.

१ डिसेंबर

वाढदिवस पोरीचा, घाम सुनेला! फुग्यांची कमान दारात लावायची का गच्चीवर, यावर आज सगळी दुपार गेली. मी म्हणाले, "कमान लगीनघराला लावत्यात गं, पाच वर्सांच्या पोरीला कशाला?" तर म्हणते, "आक्का, तुमच्या येळेला न्हवतं म्हणून आमी पन करू नये व्हय?"

नव्हतंच. माझी पोरं कधी जन्मली विचारलं तर मी सांगते — थोरली बेंदूर सणाच्या आदल्या दिवशी, ऋतुराज जोतिबाच्या चैत्र यात्रेत. तारीख कोण बघतो? एका अर्थी बरं होतं. तारीख नसली की दुखायला नेमकी जागा नसते. मनाला वाटेल तेव्हा दुखायचं, नाहीतर विसरायचं.

अवू अंगणातल्या झोपाळ्यावर बसली होती. एका कडेला. रोज तशीच बसते. म्हणाले, "मधी बस की गं, पडशील." तर म्हणते, "जागा ऱ्हाऊ दे की."

कुणासाठी, ते मी विचारलं नाही. माझी हिंमत नाही.

३ डिसेंबर

जूनपासून अवू नव्या शाळेत जाते. आज दप्तर टाकायच्या आधीच म्हणाली, "आक्का, बाई म्हनल्या माझा वाढदिवस शुक्रवारी हाय. बारा तारखेला. रंगीत कपडे घालून या म्हनल्या, सगळी टाळ्या वाजवनार!"

मी म्हणाले, बाई चुकल्या असतील.

"बाई चुकत न्हाईत!"

 मग बोटं मोजत काहीतरी हिशेब लावला आणि म्हणाली, "बारा माझी असंल तर तेरा कुणाची?"

भाकरी करपली.

४ डिसेंबर

वर्षा म्हणते, शुक्रवारी शाळेत पाठवायचीच नाही. ताप आलाय म्हणून सांगू. वाढदिवसाची भेट म्हणून पोरीला खोटा ताप!  मी बोलणार होते, पण तिचा चेहरा बघितला.

५ डिसेंबर

आज घरात कोणी नाही. सांगते. बाकी काय विसरायचं ते विसर, हे ठेव.

अवू एकटी आली नाही. तिच्या आधी तो आला. कोरोनाचं साल. दवाखान्यात एकाच माणसाला आत सोडत होते. ऋतुराज फाटकाबाहेर, मी आत. तो एकदा रडला. मी ऐकलं. चांगला मोठ्यानं रडला होता, माझ्या सासऱ्यांसारखा! अवू मागनं आली, मांजरीच्या पिल्लाएवढी, तिला काचेच्या पेटीत ठेवली. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं. ती जगत नाही असंच सगळे धरून चालले होते. आणि तो, धडधाकट दिसणारा, तो माझ्या हातात दिला तेव्हा गार झाला होता.

वर्षा ऑपरेशनमुळं शुद्धीवर नव्हती. ती जागी झाली तोवर त्याला माती दिली होती. तिनं त्याला बघितलंच नाही.

बायकांनी जायचं नसतं. पण त्या वर्षी रीत सांगायला घराबाहेर पडत होतं कोण? माझे दीर आकारामभाऊजी आणि मी. आमच्या रानाच्या टोकाला, शेवग्याखाली. भाऊजींनी खड्डा काढला. मीठ मी घातलं. शेवग्याखालची जागा दाखवतो म्हणून भाऊजी नंतर ऋतुराजला बोलवायला गेले, तर म्हणाला, "मला बघायची न्हाय." त्यानंतर आजपर्यंत त्या पोराचा विषय ऋतुराजच्या तोंडून निघालेला नाही. मीच जन्माला घातलाय, मीच म्हणते — दगड आहे दगड!

रान पुढं विकलं. प्लॉट पडले. शेवग्याला लागून आता तानाबाईचं घर आहे. झाड तिनं ठेवलंय, शेंगा गोड लागतात म्हणते. तिला काही माहीत नाही. कधी मूठभर शेंगा माझ्या पदरात घालते. मी घेते, बरं म्हणते, आणि घरी येऊन म्हशीपुढं टाकते. आमटीत घालायला हात धजत नाही.

पहिल्या वर्षी वर्षाच म्हणाली होती, "आक्का, बारा त्याची ऱ्हाऊ दे. हिची तेरा करूया." बरं म्हणालो. बाराला घरात चूल पेटते, पण माणसं बोलत नाहीत. तेराला केक. पोर लहान होती तोवर खपलं. आता तिला आकडे येतात, आणि शाळेच्या दाखल्यावर बाराच आहे! आज ना उद्या गल्लीतलीच कोणीतरी शहाणी तिला सांगणार. त्याआधी घरातल्यांनी सांगायला हवं. पण कोणी?

६ डिसेंबर

एकीला न्हाऊ घालते, आणि हात दोघांना घातल्यासारखे दुखतात.

७ डिसेंबर

कोल्हापुरात महाद्वार रोडला गेलो होतो. मी, वर्षा, अवू. फ्रॉक घ्यायला. अवूनं डाळिंबी रंगाचा फ्रॉक पकडला तो सोडेचना. दुकानदार तोंडाळ, हसरा. "घ्या की पावणं, लाखात एक दिसंल पोरगी!"

वर्षा फ्रॉकची शिवण उलटून बघत होती. शेजारी मुलांचे कपडे टांगलेले. माझा हात कधी गेला मलाच कळलं नाही. डाळिंबी रंगाचंच जाकीट. अवूच्या हाताला बाही लावून बघितली. मापाला अगदी बरोबर.

दुकानदार म्हणाला, "जुळी हाईत व्हय आक्का?"

मी म्हणाले, "व्हय."

इतकं सहज! भाजीवाल्यानं कोथिंबीर घालू का विचारावं आणि आपण व्हय म्हणावं, तसं. दुकानदार खूश. "मग जोडीच घ्या की! भावाभनीचं मॅचिंग. पोरगं कुठाय? घरी ठेवलंय?"

मी मागं बघितलं. वर्षाच्या हातातून फ्रॉक खाली पडला होता. ती पायऱ्या उतरून चालू लागली, चप्पल अर्धी पायात. अवू माझा पदर ओढत होती — "आक्का, पोरगं म्हंजे कोन? कोन ठेवलंय घरी?"

रिक्षा करून घरी आलो. फ्रॉक दुकानातच राहिला.

८ डिसेंबर

वर्षा ताट वाढते, सरकवते. आमटीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

९ डिसेंबर

वर्षा दुपारी गोठ्यात आली. मी शेण भरत होते. पाटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "आक्का, तुमी व्हय का म्हनलासा?"

मी म्हणाले, "खोटं बोलायला सुचलं न्हाय गं."

म्हैस शेपूट मारत होती.  मग वर्षानं माझ्याकडं न बघता विचारलं, "कसा हुता त्यो?"

पाच वर्षं मी या प्रश्नाला भीत होते. आणि आला तो शेणाच्या पाटीवर!

सांगितलं. कान ऋतुराजचे, टोकाला जरा दुमडलेले. केस भरपूर, ओले. नखं वाढलेली. एक मूठ मिटलेली, उघडायला बघितली तर उघडेना. काहीतरी पळवून न्यायचा विचार होता जणू. हे शेवटचं ऐकून ती हसली. खरंच हसली! आणि मग खाली बसून इतकी रडली की म्हशीनं मान वळवून बघितलं.

डोळे पुसून म्हणाली, "अवूला कोन सांगनार?"

म्हणाले, "तू. मी सांगितलं तर गोष्ट वाटंल तिला. तू सांगितलंस तर भाऊ वाटंल."

"आनि ती भ्याली तर?"

"भ्यायलोय आपन. ती झोपाळ्यावर जागा ठेवतीया."

११ डिसेंबर

काल वर्षानं अवूला सांगितलं. आज तुला सांगते.

वर्षानं कणीक मळायला घेतली होती, औक्षणाचे दिवे करून सुकवायला. आमच्याकडं जेवढी वर्षं तेवढे कणकेचे दिवे. अवू समोर बसून वाती वळत होती. वळत कसली, कापूस नाकात घालत होती! वर्षानं मळता मळताच सांगितलं. पोटात दोघं होतात. तो आधी आला. रडला, आणि गेला. बारा तारीख दोघांची आहे. आम्ही तुझी एक दिवस लांब सरकवली, कारण आम्हाला एका दिवशी दोन्ही जमत नव्हतं.

मी चुलीकडं तोंड करून बसले होते. पाठीनं ऐकत होते.

अवू म्हणाली, "त्यो माझ्या आदी आला?"

"व्हय."

"म्हंजे दादा हाय!"

"व्हय."

"नाव काय त्याचं?"

कणीक मळायचा आवाज थांबला. मला वाटलं, आता संपलं. कारण नाव कोणी ठेवलंच नव्हतं. बारसं नाही, पाळणा नाही. तर वर्षा म्हणाली, "राजवर्धन." असं सरळ, जणू रोज हाक मारते. तिनं पोटात असतानाच ठरवलं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं!

अवूला रडू आलं नाही. राग आला. "मग मला आदी का न्हाय सांगितलं? मी त्याला झोपाळ्यावर ढकलला असता की!"

मग ठरलं. यंदा वाढदिवस बारालाच. बोलावलेल्यांना निरोप गेले. तेरा रद्द.

आणि आज ऋतुराज कामावरून आला, त्याला हे कळलं, आणि दगडाला तोंड फुटलं. "बाराला फुगं लावतासा? त्या दिवशी?"

वर्षा म्हणाली, "तिचा वाढदिवस हाय त्यो."

"आनि त्याचा दिवस? त्यो कुठं जानार?"

मी म्हणाले, "तुला रं काय त्याचं? तू तर जागासुदिक बघितली न्हाईस."

माझ्याकडं बघितलं त्यानं. वाईट बघितलं. गाडीला किक मारून गेला तो जेवायलाही आला नाही. आता उद्या पोरीला ओवाळताना बाप असणार का नाही, कोण जाणे. अवू दारात जाऊन जाऊन बघते. विचारते, "पप्पा माझ्यावर चिडलंत? का दादावर?"



१२ डिसेंबर, सकाळ

अवू शाळेला गेली. डाळिंबी फ्रॉक घालून! काल संध्याकाळी वर्षा एकटी जाऊन घेऊन आली. जाकीट आणलं का, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

ऋतुराज पहाटे कधी आला, कधी गेला, कळलं नाही. कॉटवर उशी दबलेली होती, एवढंच.

पहिल्यांदाच या तारखेला घरात रेडिओ लागलाय. मी सारखी बारीक करते, वर्षा सारखी मोठा करते.

१२ डिसेंबर, संध्याकाळ

तानाबाई नातवंडं घेऊन आली. फुगे बघत मला म्हणाली, "आक्का, ऋतुराजला म्हनावं, आज वाटी ठेवायची ऱ्हायलीया. दरसाल ह्याच दिवशी कामावरनं येताना शेवग्याच्या बुडाशी दुधाची वाटी ठेवून जातोय की त्यो. आदी वाटलं मांजरासाठनं. एकदा बसून ऱ्हायलेला बघितला, मग काय विचारलं न्हाय."

आत गेले. ऋतुराज आला होता. ओट्यापाशी पाठमोरा, पातेल्यातलं दूध वाटीत ओतत होता. निम्मं ओट्यावर सांडत होतं. वर्षा माझ्या मागं उभी. तिनंही ऐकलं होतं.

मी त्याच्या हातातली वाटी काढून घेतली. म्हणाले, "दूध कुणाला रं? पाच वर्सांचा झाला त्यो. दात हाईत त्याला! तू आनि वर्षा, दोघं मिळून जावा. केकचा मोठा तुकडा न्या, चार चकल्या न्या, आनि भेळ न्या — तिखट हात सैल सोडून घाला. कोल्हापूरचा हाय."