हळदीकुंकवाला न आलेली मतं

३ जानेवारी १९४७, शुक्रवार

वहिनी निवडून येणार! गावानं मतं द्यायची तेवढी राहिलीत.

आमच्या पेठेची म्युनिसिपालटीची जागा बायकांसाठी राखीव झाली. दादाचं तोंड दोन दिवस एरंडेल प्याल्यासारखं होतं. मेंबर व्हायचं म्हणून हा माझा भाऊ दोन वर्षं दिसेल त्या मयताला खांदा देत आला – आणि जागा गेली बायकांना! तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. बायको आहे की आपल्याला! विजयमालावहिनी भाकऱ्या थापत होती. "आवं, मला बोलाय येत न्हाई," म्हणाली. दादा म्हणाला, "तुला बोलाय कोन सांगतंय? तू नुसतं हुबं ऱ्हायचं."

हँडबिलंसुद्धा छापून आली. वहिनीचं नाव बारीक, त्याखाली 'दादासो यांच्या सुविद्य पत्नी' हे ठसठशीत. सुविद्य! सही करताना वहिनीची जीभ बाहेर येते.

६ जानेवारी, सोमवार

अर्ज परत. कारकून म्हणाला, बाईंचं नाव मतदारयादीत नाही. घरपट्टी ज्याच्या नावावर, त्यालाच मत आणि त्यालाच उभं राहता येतं. आणि या घराची घरपट्टी आहे माझ्या नावावर. घर माझ्या हवालदारांनी घेतलेलं. ते बर्म्याच्या लढाईवर गेले ते गेलेच, तीन वर्षं झाली. त्यावर दादा 'बहिणीला आधार नको का' म्हणून बिऱ्हाड घेऊन आला. आधार अजून चालू आहे. दोन्ही वेळ जेवतो.

म्हणजे दादालाही मत नाही! हे त्याला आज कळलं. मेंबर व्हायला निघाला होता!

परत येऊन अंगणात फेऱ्या मारल्या. मग माझ्याकडे बघून एकदम गोड आवाज – "मने, तूच हुबी ऱ्हा. बाकी मी बघतो."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. इथे लिहिते – मला बायकांचे संडास परत पाहिजेत.

ओढ्याच्या वाटेवर होते. मोडके, घाण, पण भिंती तर होत्या! मागल्या वर्षी कलेक्टर येणार म्हणून पाडले आणि तिथं कारंजं बांधलं. कारंज्याला पाणी नाही. कलेक्टरही आला नाही.

९ जानेवारी

नवी हँडबिलं नाहीत. जुन्यांवरच चिठ्ठ्या – वहिनीच्या नावावर माझं नाव, 'सुविद्य पत्नी'वर 'सुविद्य भगिनी'. खळ मीच शिजवली.

१२ जानेवारी, रविवार

माझ्याविरुद्ध कोण? बनुबाई! गुळाचा अडत्या लालासाहेब, त्याची आई. तो स्वतः वरच्या वॉर्डात उभा आहे, इथं आईला केलंय. एकाला दोन खुर्च्या. म्हातारी सत्तरीची. एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं ती ऐकत नाही.

दादाला म्हटलं, सभेत मी संडासाचं बोलणार. त्यानं कानाला हात लावला. "आगं, चारचौघांत असलं बोलत्यात व्हय? 'स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न' म्हन." म्हटलं, तसं म्हटल्यावर कुणाला कळणार? म्हणाला, "कळाय कशाला पायजे!"

१९ जानेवारी, रविवार

आज आमच्याकडे 'जंगी हळदीकुंकू'. ही अक्कल नाथाजीची. नाथाजी म्हणजे दादाचा उजवा हात. बेचाळीसला भूमिगत होता म्हणे. भूमिगत म्हणजे कुंडलला मेव्हण्याच्या माळ्यावर, ज्वारीच्या पोत्यांआड. नाथाजी म्हणाला, "संक्रांतीचं निमित्त हाय. बायकांची मतं बायकांनीच वढायची. प्रत्येकीला तिळगूळ आन् वाण म्हनून आरसा."

तीन दिवस लाडू मी वळले. गूळ लालासाहेबाच्या अडतीवरचा – गावात दुसरा मिळतच नाही! हात पोळले.

दुपारी बायका यायला लागल्या आणि दादा स्वयंपाकघरात आला. आधी चुलीकडे बघितलं, मग भिंतीकडे. "मने, तू जरा आतच बस हां. सवाष्णींचा कार्यक्रम हाय. बायका काय म्हनतील."

उमेदवार कोण? मी. हळदीकुंकू कुणाचं? माझं. आणि माझंच तोंड दिसायला नको! दाराच्या फटीतून बघत बसले. वहिनी कुंकू लावतेय, अत्तर लावतेय, आणि शिकवल्यासारखं म्हणतेय, "आमच्या मनुवन्संना मत द्या." एकीनं विचारलं, "हाईत कुटं त्या?" वहिनी म्हणाली, "गावाला गेल्यात."

आधी हसू आलं. मग रडले. बांगड्या फोडल्या त्या दिवशी लोकांसमोर रडले होते, आज तिळाच्या परातीसमोर. ती परात चांगली. 'सावर आता' म्हणत नाही.

२० जानेवारी, सोमवार

दादा सकाळपासून खूष. "दीडशे बायका! जागा खिशात!"

म्हटलं, यादी दे बघू जरा. यादीत बायकांची नावं अठ्ठावन्न. एकेक वाचत गेले. पहिली कै. अमक्याची. दुसरी कै. तमक्याची. तिसरीही कै.! नवरा जिवंत असेल तर घर त्याच्या नावावर, मत त्याला. बाईच्या नावावर घर होतं ते नवरा गेल्यावर. म्हणजे मत असलेली प्रत्येक बाई विधवा. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न!

आणि आम्ही हळदीकुंकू घातलं!

दीडशे बायकांना आरसे वाटले, त्यांतल्या एकीलाही मत नाही. मत असलेल्या अठ्ठावन्नजणी काल आपापल्या घरात बसून आमच्याकडे जाणाऱ्या नटलेल्या बायका बघत होत्या. माझ्यासारख्याच, दाराच्या फटीतून.

दादाला यादी वाचून दाखवली. त्याला घाम फुटला. नाथाजी म्हणाला, "मंग विधवांचं एक निराळं हळदीकुंकू घालू." दादा म्हणाला, "बेस!" आणि दोघं खरंच तारीख बघायला लागले! थोड्या वेळानं त्यांच्या त्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग नाथाजी म्हणाला, "न्हाईतर भजन?"

२३ जानेवारी

पहाटे ओढ्यावर बनुबाई भेटल्या. हातात तांब्या. माझ्याही. दोन्ही उमेदवार!

तिथं मिरजेकडच्या लॉऱ्या जातात. दिवे आले की उठायचं, पाठ करून उभं राहायचं. लॉरी गेली की बसायचं. परत दिवे, परत उठायचं. हवालदार पलटणीतल्या कवायतीचं कौतुक सांगायचे – त्यांनी ही बघायला पाहिजे होती. लॉरीतली माणसं शिट्ट्या मारतात. म्हाताऱ्या बनुबाईंना चटकन उठता येत नाही. मी हात दिला.

"तू मनू न्हवं? हुबी हाईस म्हनं."

"व्हय. तुमीबी हाईसा की."

"मला काय ठावं! लाल्यानं आंगठा घेतला. ह्यो दुसरा आंगठा. पयला जमिनीला घेतलावता." मग माझा दंड धरून दगडावरनं उतरताना म्हणाल्या, "आगं, निवडून आलं की हितं भित घालत्यात व्हय गं?"

म्हटलं, मी घालणार.

"मंग माजं मत तुला. लाल्याला सांगू नगं."

२९ जानेवारी

आजपासून मी एकटी फिरते. दादा आणि नाथाजी भजनी मंडळ शोधतायत, शोधू देत. पहिली शकिला मणेरीण – बाजारात बांगड्या भरते, घर तिच्या नावावर. तिला म्हटलं, त्या दिवशी तुला बोलावलं नाही. ती हसली. "आक्का, आमाला हळदीकुंकू कवा होतं? पर सकाळच्याला वड्याला समद्याच जातो की. तितं जात इचारत न्हाईत."

कुणी चहा दिला. कुणी दारातूनच सुनावलं, "त्या दिवशी आमी न्हवतो वाटतं तुमास्नी?" खरं आहे. मान खाली घालून ऐकून घेतलं. मग सांगितलं, त्या दिवशी मीही आतच बसले होते. त्यावर त्या बाईनं पाट सरकवला.

'आरोग्याचा प्रश्न' एकदाही म्हटलं नाही. संडास म्हटलं. एकजण तोंडाला पदर लावून हसली. बाकीच्या म्हणाल्या, किती बांधणार?

१२ फेब्रुवारी, बुधवार

बनुबाई पडल्या. ओढ्यात, दगडावरनं. लॉरीचे दिवे आले, घाईत उठायला गेल्या. खुबा मोडलाय. दुपारच्या गाडीनं मिरजेच्या इस्पितळात नेलं. आज मी थोडी आधी गेले असते तर! दिवसभर हेच डोक्यात.

लालासाहेबानं संध्याकाळी हँडबिल काढलं – 'मातोश्री देवदर्शनास जात असता पाय घसरून'. ओढ्यात देव कधी बसवला? सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि सगळं गाव 'अरेरे, देवळात' म्हणतंय! नाथाजी म्हणाला, "आपलं एक मत कमी झालं न्हाई, त्यांचं झालं." मी त्याच्यासमोरचं ताट उचललं. अर्ध्या भाकरीवर होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मतदान. पांढऱ्या, तांबड्या लुगड्यांची, कपाळं मोकळी असलेल्या बायकांची रांग लागली होती. एवढ्या विधवा एका जागी या गावानं फक्त मयताला बघितल्या असतील. एक म्हातारा शुभ कामाला निघाला होता, रांग बघून घरी परतला. शकिलानं त्याला हाक मारून हसवायचा प्रयत्न केला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आले! मला एकशे चार, बनुबाईंना ब्याऐंशी.

मिरवणूक निघाली. हार दादाला. गुलाल दादाला. औक्षण वहिनीनं केलं – दादाचं. माझं कोण करणार आणि कसं करणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. हलगीवाले नाचत होते, "दादासो आगे बढो!" वरच्या खिडकीतून बघितलं. आज रडू आलं नाही. राग आला. चांगला, कडक.

लालासाहेब वरच्या वॉर्डातून आलाच.

२५ फेब्रुवारी

दादानं घराशेजारच्या माझ्याच मोकळ्या जागेत पत्र्याचा मांडव घातला. आत बाज, दोन खुर्च्या, तक्क्या. बाहेर पाटी – 'म्युनिसिपल मेंबर यांची कचेरी'. सकाळी लोक येतात, गाऱ्हाणी दादा ऐकतो. दुपारी तिथंच घोरतो. मला म्हणाला, "तू मीटिंगला जाऊन सही करून यायची. बाकी मी हाय."

११ मार्च, मंगळवार

पहिली सभा. दादा धुवट कोट घालून माझ्यापुढं चालत होता. दारात शिपायानं विचारलं, "मेंबर कोन?" दादा बाहेरच्या बाकावर बसला.

आत सोळा पुरुष आणि मी. दोन तास कारंज्याला रंग कुठला द्यायचा यावर चर्चा! मग मी उठले. म्हटलं, बायकांचे संडास पाडलेत ते परत बांधा. सगळ्यांची तोंडं पेन गिळल्यासारखी. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हा विषय आरोग्य कमिटीकडं पाठवू." मी म्हटलं, कमिटीतले कोण कोण पहाटे लॉरीच्या दिव्यात उठबस करतात, हात वर करा.

हसले. खुर्च्या वाजवून हसले.

अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन कुणाचं? कुणाचंच नाही. मी उभीच. आणि मग पलीकडच्या टोकाला लालासाहेबानं हात वर केला. मान खाली. कुणाकडे बघितलं नाही. त्याची आई अजून मिरजेला पडून आहे, पाय आता चालायचा नाही म्हणतात. हसणं थांबलं.

तरी अध्यक्ष म्हणाले, "पण जागा कुठाय? म्युनिसिपालटीकडं जागा न्हाई." मी जागा सांगितली. फुकट देते म्हटलं. सेक्रेटरीनं दोनदा विचारलं, नक्की ना? आत्ताच लिहून घ्या म्हटलं. जागा फुकट म्हटल्यावर सगळ्यांना एकदम बायकांची कणव आली. एकमतानं पास!

बाहेर दादानं विचारलं, "कसला ठराव झाला?" म्हटलं, स्त्रियांच्या आरोग्याचा. "ब्येस!" म्हणाला आणि पुढं चालायला लागला.

२० मार्च, गुरुवार

दुपारी रहिमान मिस्त्री फीत घेऊन आला. मांडवात दादा बाजेवर पडला होता. मिस्त्री अदबीनं म्हणाला, "दादासो, जरा बाज उचला. भित हितनं येनार हाय."

दादा डोळे चोळत म्हणाला, "कसली भित रं?"

मिस्त्रीनं आधी माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं.