सहा-दहाची बस

तळ्याकाठच्या दवाखान्यातून,
३ मार्च

चि. नानूस,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्या पाठोपाठ तक्रारी.

तू विचारतोस, फोन का करत नाहीस. अरे, रेंजसाठी मला टेकडीवर चढावं लागतं, आणि धापा टाकत भांडता येत नाही. म्हणून पत्र.

परवाच्या रविवारी तुझ्या कामावरचे चौघे येऊन गेले. माणसं चांगली, पण गाडी लावली ती थेट दवाखान्याच्या फाटकात. सुताराचा अंगठा करवतीत सापडला होता. त्याला दोघांनी धरून कुंपणावरून आत घेतलं. तेवढ्यात तुझे मित्र तळ्याचे फोटो काढून परत आले आणि मला म्हणाले, ताई, तुम्ही भाग्यवान, रोज हे बघायला मिळतं. माझे हात कोपरापर्यंत लाल होते, पण ते त्यांना दिसले नसावेत. शहरापासून दीड तासावर स्वर्ग आहे असं तू जगाला सांगत सुटला आहेस. त्या स्वर्गात रस्ता एक, नर्स एक आणि बस दिवसाला तीन, हेही सांगत जा.

आता खरी काळजी. तळ्याकाठचं निळ्या दारांचं घर विकलं गेलं. त्यात आपला बसवाला भाड्यानं राहतो, बायको आणि दोन मुलींसह. शहरातल्या कुणीतरी ते घेतलंय, आणि मेअखेर घर रिकामं करा असं मालकिणीनं त्याला सांगितलंय. तू म्हणशील, एक भाडेकरू गेला तर काय बिघडलं? पण तो इथं राहतो म्हणून बस रात्री त्याच्या दारात मुक्कामाला असते, आणि म्हणूनच सकाळी सहा-दहाला इथून सुटते. तो गेला की बस मुक्कामाला शहरातल्या डेपोत. तिथून निघून इथं यायला तिला नऊ-साडेनऊ. मग शहरातल्या शाळेत जाणारी सात मुलं आणि मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावणारे माझे पेशंट, यांनी काय उडत जायचं? तो दुसरं घर शोधतोय. पण इथं निम्म्या घरांना पाच दिवस कुलूप आणि दोन दिवस पाहुणे.

हा घर घेणारा महाभाग कोण, ते तुझ्या ओळखीतून कळलं तर बघ. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

वहिनीचा दमा कसा आहे? तिला जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१२ मार्च

ती. ताईस,
नमस्कार, आणि फाटकाबद्दल दोन्ही कान पकडतो.

मित्रांची चांगली हजेरी घेतली. पण खरं सांगू का, त्यांचा हेवाच वाटला. गेल्या आठवड्यात अठरा मजली इमारतीतली लिफ्ट अडकली होती. सहा तास मी त्या उभ्या बोगद्यात, डोक्यावर टॉर्च लावून. बाहेर आलो तेव्हा दिवस संपला होता. तेवीस वर्षं हेच करतोय. डोळे मिटले की मला ग्रीसचा वास येतो, आणि तुझ्याकडचं तळं आठवलं की तो जातो.

तुझ्या वहिनीचं तसंच चाललंय. डॉक्टर म्हणतात हवा बदला. हवा काय दुकानात मिळते? तुझ्या मधवाल्या आजोबांच्या दोन बाटल्या संपल्या. आणखी दोन ठेवायला सांग. मागच्या वेळी त्यांनी मला पोळ्याजवळ नेलं आणि एक माशी चावली नाही, हे मी कामावर अजून सांगतो.

घराबद्दल लिहितेस. घर घेणाऱ्याचंही काही कारण असेल, ताई. एवढी चिडू नकोस. बसवाल्याला मिळेल कुठेतरी. एक गोड बातमी आहे, पण ती आता सांगत नाही, समोर येऊनच सांगेन.

जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा,
नानू


२९ मार्च

नानूस,

तुझी गोड बातमी मला कळली.

बसवाल्याची बायको काल पाठीचं दुखणं घेऊन आली होती. तपासून झाल्यावर तिनं पिशवीतून घराच्या विक्रीचा कागद काढला आणि म्हणाली, नर्सबाई, हे आडनाव तुमच्या माहेरचंच ना? मधलं नाव आपल्या बाबांचं. मी कागद दोनदा वाचला. मग तिला गोळ्या दिल्या, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. ती बिचारी मलाच धीर देऊन गेली, की तुम्हाला ठाऊक नव्हतं हे दिसतंच आहे.

तुला मी पत्र लिहून विचारलं की कोण आहे तो, आणि तू मला मधाच्या बाटल्या सांगितल्यास! लहानपणी काच फोडलीस तेव्हा निदान पळून तरी गेला होतास. आता समोर उभा राहून शिट्टी वाजवतोस.

अजून दोन महिने आहेत. हा व्यवहार मोड. नाहीतर घर घे, पण त्यांना राहू दे. एवढंच मागते.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

चुकलो ते एवढंच, की तुला आधी सांगितलं नाही. माझी उडी मारायची हौस, तुला चकित करायचं होतं. घर बघितलं तेव्हा दलाल म्हणाला की भाडेकरू जाणारच आहेत. ते कोण, बस कुठे उभी असते, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तोवर सह्या झाल्या होत्या.

पण बाकीचं मी मान्य करत नाही. ताई, तूही बाहेरचीच. अकरा वर्षांपूर्वी तू तिथं गेलीस तेव्हा तुलाही कुणीतरी घर दिलंच की. तुला हवा चालते, तळं चालतं, मी आलो की रस्ता अरुंद होतो? मी नसतं घेतलं तर दुसऱ्यानं घेतलं असतं, आणि त्याला तू पत्रही लिहू शकली नसतीस. बस कुठून सोडायची हे बसच्या ऑफिसनं बघायचं. त्याचा भार माझ्या एकट्याच्या माथी का?

वहिनी रात्र रात्र उशी उभी करून बसते. तिला पंधरा दिवसांतून दोन दिवस तरी मोकळा श्वास घेता यावा म्हणून मी हे केलं. तिनं पडद्यांचं कापडसुद्धा आणलं. तिला मी काय सांगू? ताई नको म्हणते?

रागावलीस तरी तुझाच,
नानू


२० जून

नानूस,

अडीच महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण लिहिलं असतं तर शिव्याच गेल्या असत्या. आजचं पत्र राग काढायला नाही. काय झालं ते तुला कळावं म्हणून आहे.

बसवाला एकतीस मेला गेला. सामान त्यानं बसमधूनच नेलं. तू दोनदा येऊन गेलास, तुझ्या खिडकीतला दिवा मला दिसला. तू माझ्या दारापर्यंत येऊन परत फिरलास हेही दिसलं. मी दार उघडलं नाही. माझंही चुकलं असेल.

बस आता नऊ-वीसला येते. सातांपैकी चार मुलं शहरात नातेवाइकांकडे राहायला गेली, दोघांना बाप मोटारसायकलवर सोडतो, आणि कुंभाराच्या मुलीची शाळा सुटली. बसच्या ऑफिसला मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की ड्रायव्हर तिथं राहायला तयार असेल तर बस मुक्कामाला ठेवू, नाहीतर नाही. म्हणजे तुझं म्हणणं खरं, भार तुझ्या एकट्याचा नव्हता. पण ज्यांच्या अंगावर पडला, त्यांना ते सांगून काय उपयोग?

आता मधवाले आजोबा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या आत दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं. मोठ्या हॉस्पिटलात साडेआठला नंबर लावावा लागतो, दहानंतर घेत नाहीत. या महिन्यात त्यांची तारीख पहिली होती, बस गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी गाडीची व्यवस्था केली होती, नेमका तो दिवस शनिवार. खालच्या वळणापासून पुलापर्यंत पाहुण्यांच्या गाड्या. आम्ही पोचलो अकराला. पुढची तारीख मिळाली पंधरा दिवसांनी. सतराला नेलं तेव्हा डाव्या डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. तो डोळा गेला, नानू. उजव्याला जपायचं आहे.

त्यांनी तुझ्यासाठी बाटल्या बाजूला ठेवल्या आहेत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.

ताई


२ जुलै

ती. ताईस,
काय लिहून सुरुवात करू ते सुचत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुझं पत्र मी लिफ्टच्या मशीनखोलीत बसून वाचलं. वाचून झाल्यावर खाली उतरलो आणि तडक बस डेपोत गेलो. बसवाल्याचा पत्ता घेतला. माझ्याच भागात राहतात ते, दोन गल्ल्या सोडून. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

मी कोण ते सांगितलं. बायकोनं पाणी आणून दिलं. मी म्हटलं, परत चला, घर तुमचंच समजा, भाडं पूर्वीचंच. मला वाटलं होतं तो रागावेल, मग विरघळेल. तसं काही झालं नाही. तो म्हणाला की मुलींना दहा मिनिटांवर शाळा मिळाली आहे, थोरली पहिल्यांदाच वर्गात बोलायला लागली आहे. बायकोला शिवणाचं काम मिळालं. सारखी उचलबांगडी करायला आमची भांडी काही चाकांवर नाहीत, असं ती म्हणाली. हसूनच म्हणाली. दाराशी आल्यावर त्यानं मला विचारलं, आजोबांचा डोळा कसा आहे? त्याला माहीत होतं. त्या दिवशी नऊ-वीसच्या फेरीला त्यानंच तुम्हाला पुलावर अडकलेलं बघितलं होतं.

मी हात जोडून निघालो. ताई, मी तेवीस वर्षं अडकलेल्या माणसांना बाहेर काढतोय. दार उघडलं की काम झालं, असंच आजवर वाटत होतं.

घर विकून टाकतो. मला ते नको.

नानू


९ जुलै

चि. नानूस,
आशीर्वाद.

खबरदार विकलंस तर. तुझ्यानंतर येणारा तुझ्यासारखाच असेल, फक्त माझा भाऊ नसेल.

तू डेपोत गेलास हे वाचलं आणि मला बसच्या ऑफिसला पुन्हा एक पत्र लिहावंसं वाटलं, चौथं. ते मी स्वतः घेऊन गेले. तिथं एक नवी ड्रायव्हर बाई आहे. नवरा नाही, म्हातारी आई आहे, शहरात जागा मिळत नाही. ती इथं यायला तयार आहे, पण नुसती खोली नको, आईला फिरता येईल असं सगळं घर हवं. आणि शनिवार-रविवार मालक येणार असेल तर नको, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मला तिचं पटलं. पाच दिवस आपलं आणि दोन दिवस परक्याचं, असं घर कोणाला गोड लागेल?

म्हणजे तुला घर नाही. वहिनीला हवा नाही. मी काय मागते आहे ते मला कळतं. तिला तू सांगू नकोस, मी सांगते. हवेसाठी तिनं माझ्याकडे यावं. माझी मागची खोली लहान आहे, पण खिडकी पूर्वेला आहे. हवे तितके दिवस राहावं. तिच्या छातीकडे मी लक्ष ठेवीन, ते तरी मला येतं.

उत्तर लवकर दे. ड्रायव्हर बाईला दुसरीकडे जागा मिळाली तर गेली.

वाट बघणारी,
ताई


१४ जुलै

ती. ताईस,

किल्ल्या या पत्रासोबत पाठवतो आहे. तीन आहेत, मागच्या दाराची जरा अडते, वर उचलून फिरवायला सांग.

वहिनीला मीच सांगितलं. ती रडली नाही. पडदे काढायला मात्र तिनं मला एकट्याला पाठवलं, आणि तुझ्याकडे येणार नाही म्हणाली. सध्या तिला काही लिहू नकोस.

नानू


२१ ऑगस्ट

चि. नानूस,
उदंड आशीर्वाद.

आज सकाळी सहा-दहाची बस सुटली. सुटली सहा-चौदाला, कारण ड्रायव्हर बाईंच्या आईला निरोप देताना बोलायची हौस फार. नऊजण होतो. मुलं तीनच. शहरात गेलेली चार काही परत यायची नाहीत. पण कुंभाराची मुलगी होती, नवं दप्तर घेऊन, सगळ्यांत पुढे.

बाईंनी वर्षभराचंच कबूल केलं आहे. पुढच्या ऑगस्टात पुन्हा हेच रडगाणं. रविवारी फाटकात दोन गाड्या होत्याच. मी आता फाटकाला कुलूप लावायला लागले आहे, गाड्या निदान आत तरी शिरत नाहीत. थोडक्यात, सुधारलं असं फार काही नाही.

वहिनीला मी लिहिलं होतं, तू नको म्हणालास तरी. उत्तर नाही. तिचं चुकतं असं मला वाटत नाही. तिच्या श्वासाच्या बदल्यात मी दुसऱ्यांचं काम करून घेतलं, हे मला रोज टोचतं. खोली झाडून ठेवली आहे. नाही आली तरी झाडत राहीन.

आज आजोबांना इंजेक्शनला नेलं. नंबर बारावा लागला. उजवा डोळा चांगला आहे, डॉक्टर समाधानी दिसले.

बसमध्ये त्यांनी मला विचारलं की नव्या बाईंना घर कुणी दिलं. मी म्हटलं, माझ्या भावानं. थोड्या वेळानं विचारलं, आणि आधीच्या बसवाल्याचं घर कुणी घेतलं होतं? त्यांना कुणी सांगितलं, का ते स्वतःच समजले, देव जाणे. खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, त्यानंच.

मला वाटलं आता काहीतरी बोलतील. रागाचं बोलले असते तर बरं वाटलं असतं, माफीचं बोलले असते तरी बरं वाटलं असतं. ते म्हणाले, नर्सबाई, जरा जागा बदलू या, खिडकी माझ्या उजवीकडे पाहिजे. आम्ही उठून पलीकडे बसलो. मग शहर येईपर्यंत ते बाहेर बघत राहिले.

तू ये. शनिवारी नको, मधल्या वारी ये, बसनं ये. त्यांच्याशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव. ते माझ्याच्यानं होणार नाही.

भांडते तेवढीच माया करते, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई