जाम इंजिन आणि अबोला

लिहून ठेवते मी, जिला गल्लीत सगळे इंजिनवाली मावशी म्हणतात ती, राहणार माझ्या इंजिनदुरुस्तीच्या दुकानाच्याच माडीवर. डोके ठिकाणावर आहे, कान तिखट आहेत. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करणारा अजून जन्माला यायचाय. आधीचे मृत्युपत्र, ज्यात दुकान विकून टाका असे लिहिले होते, ते रद्द समजावे.

तसे का लिहिले, तेही सांगते. गवत कापायच्या यंत्राचे इंजिन जाम झाले. माझा थोरला मुलगा म्हणाला, धाकट्याने तेल न मिसळता नुसते पेट्रोल ओतले. धाकटा म्हणाला, दादानेच. तेव्हापासून सख्ख्या भावांत अबोला. दुकान एकाला द्यावे तर दुसरा कायमचा तुटणार, या विचाराने जिवाला घोर लागला होता.

परवा तेच इंजिन मी खोलले. खालच्या बेअरिंगवर तेलाचा ओला थर! म्हणजे पेट्रोलमध्ये तेल होते. दोष झिजलेल्या सीलचा. तिथून जादा हवा शिरली, त्या मानाने पेट्रोल-तेल अपुरे पडले आणि पिस्टन तापून जाम झाला. दोघांना समोर बसवले. "बोट लावून बघा रे गाढवांनो!"

थोरल्याने बोट लावले. "म्हणजे तू नव्हतास."

"तूही नव्हतास, दादा."

हुश्श झाले! रडलेसुद्धा, लपवू कशाला.

सबब, दुकान व हत्यारे दोघांची सामाईक. वाटणी करू नये. माडी मुलीला, कारण इतके दिवस दोन्हीकडचे निरोप बिचारीनेच वाहिले. बँकेतली शिल्लक तिघांत सारखी.

तेल मोजायचे भांडे माझ्या दिरांना. "बाईच्या हाती पाना शोभत नाही," म्हणायचे आणि स्वतः अंदाजपंचे तेल ओतून गल्लीभर धूर करायचे. भांड्यावर रेघा आहेत. चष्मा त्यांनी घरून आणावा.

हे लिहिताना खाली दोघांची जुंपली आहे. धाकटा म्हणतो, पेट्रोलच्या पन्नास भागांना तेलाचा एक. थोरला म्हणतो, पिस्टन नवा आहे, चाळिसालाच एक हवा. माझे मत मी सांगणार नाही. भांडू द्या मेल्यांना.

ठिकाण : दुकानाची माडी
दिनांक : ९ जून
(सही) इंजिनवाली मावशी

साक्षीदार :
१. शेजारचा शिंपी (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही). लिहिणारी पूर्ण शुद्धीवर आहे. खालचा आरडाओरडा फार होतो म्हणून मी खिडकी लावायला उठले. मावशींनी लावू दिली नाही.