इंगेबाई ताक मागतात

प्रिय आई,

इंगेबाई शनिवारी ब्रिस्टलला येतायत. आज कामावर जाताना बसमध्येच त्यांची मेल वाचली. शेवटी लिहिलंय, 'आईला सांग, ताक हवंय.' म्हणून हे पत्र. दुसरं कुणाला सांगू?

कारण त्यांना माहीतच नाही गं, तू नाहीस ते.

बाकी सगळ्यांना कळवलं मी. ग्लासगोच्या मामाला, वेम्बलीच्या मावशीला, तुझ्याबरोबर वॉर्डात काम करणाऱ्या नर्सेसना. डेन्मार्कला तेवढं राहिलं. राहिलं कसलं, मीच ठेवलं. मेल लिहायला घेते, 'डिअर इंगे'पर्यंत येते आणि केटल लावायला उठते. त्या एका घरात अजून तुझी विचारपूस होते ना, ती मला थांबवायची नव्हती. चिडू नकोस.

आठवतं, सोळाव्या वर्षी मी शाळेच्या एक्स्चेंजवर तिकडे शिकायला गेले तेव्हा तू कसली भडकली होतीस? राहायला इंगेच्या घरी आणि वर्गशिक्षिकाही इंगेच. मुलं त्यांना नुसतं 'इंगे' म्हणायची, वर्गात मोजे घालून फिरायची, शुक्रवारी कुणीतरी केक करून आणायचं. फोनवर तुझं सुरू, शिक्षिकेला अगं-तुगं करता, लाज नाही वाटत? बाई म्हण, बाई! हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांना 'इंगेबाई' इतकं आवडलं की अजून मेलखाली तशीच सही करतात.

आणि मला न्यायला आलीस तेव्हाचं तर विचारूच नको. तू बेसनाचे लाडू पुढे केलेस. बाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "मांगं ताक."

तू माझ्या कानाशी, "अगं सयू, ही ताक मागतेय."

डॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'खूप आभार' असा आहे, हे मी सांगायच्या आत तू परक्या घरातला फ्रिज उघडून दही शोधलंस! आलं, मीठ, जिरं घालून ग्लास पुढे. त्या प्यायल्या आणि पुन्हा "मांगं ताक". तू पुन्हा ग्लास भरलास. हसून हसून माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिसऱ्या ग्लासानंतर एकदाचा खुलासा झाला. तर तू म्हणतेस, मग बिचारी एवढं प्यायली कशाला? तुला वाईट वाटू नये म्हणून, आई!

या आठवड्यात मी दोनदा करून पाहिलं. नाही जमत. आलं किती विचारलं की 'अंदाजानं घाल' म्हणायचीस. तुझा अंदाज माझ्याकडे कुठून येणार? नीट सांगायला काय झालं होतं? काल सुपरमार्केटमध्ये दह्यासमोर उभी राहून रडले. शेजारचे आजोबा घाबरून ट्रॉली घेऊन पळाले. मी 'तो ताक' म्हटलं की 'ते ताक' म्हणून डोळे वटारणारंही आता कुणी नाही. फार आठवण येते गं.

पण बाईंना सांगायचं कसं? इंग्लिशमध्ये सगळ्यांना 'वी लॉस्ट हर' म्हणाले, जशी काही तू शॉपिंग सेंटरमध्ये हरवलीस. मराठीत 'आई गेली' म्हणते. पण तू रोजच जायचीस, आणि ड्यूटी संपली की परत यायचीस. बाईंशी मी डॅनिशच बोलते. त्या भाषेत मला यासाठी एकच शब्द येतो, अगदी सरळ. वर्गाच्या खिडकीवर एक पक्षी येऊन आपटला आणि पुन्हा उडालाच नाही, तेव्हा त्यांनीच तो शब्द शिकवला. त्यानंतर तो वापरायची वेळ आली नव्हती.

शनिवारी त्यांना घ्यायला कोच स्टेशनवर जाईन. घरी येईपर्यंत थांबणार नाही, ताकाचं निमित्तही काढणार नाही. तिथेच, त्यांची बॅग हातात घ्यायच्या आधी, त्यांनी शिकवलेल्या त्याच शब्दात सांगेन. वचन देते. मग डेन्मार्कमध्येही तू नसशील, आई. पण निदान रडायला आम्ही दोघी असू.

तुझीच,
सयू