फोटोतील बाई बाळाची आजीच असल्याचा दाखला मिळणेबाबत

दिनांक : १२ मार्च २०२५

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
जिल्हा पोलीस कार्यालय, जालना.

अर्जदार : सौ. तृप्ती अंगद भुतेकर, वय ३१, धंदा फोटोग्राफी, रा. कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना.

विषय : माझे नाव व मोबाईल नंबर असलेला फोटो कापून 'मुले पळवणारी बाई' म्हणून पसरवला जात असल्याने फोटोतील महिलेस संरक्षण व सही-शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : दि. ६ मार्च रोजी बीट अंमलदार यांच्यासमोर दिलेला माझा तोंडी जबाब.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करते की, माझा गावात लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसे, पासपोर्ट फोटो ही नेहमीची कामे. रिकाम्या वेळी शिवारातले फोटो काढून मी फेसबुकवर टाकते. दोन वर्षांपूर्वी मी काढलेला करडईच्या फुलांचा फोटो एका माणसाने स्वतःच्या नावाने टाकला आणि वर मलाच 'कॉपी करू नका' असे सुनावले. तेव्हापासून नेटवर टाकण्याआधी प्रत्येक फोटोवर उजवीकडे खाली मी कॉपीराइटचे चिन्ह, 'तृप्ती फोटो, कुं. पिंपळगाव' आणि माझा मोबाईल नंबर टाकते. माणसाच्या तोंडावर नाव छापणे बरे वाटत नाही, म्हणून कोपऱ्यात टाकते. एवढाच माझा गुन्हा असेल तर तो मला मान्य आहे.

दि. ९ फेब्रुवारी रोजी आमच्या शेतात खतासाठी मेंढरे बसवली होती. ती मेंढरे श्रीमती द्वारकाबाई कडूबा देवकते, वय ६२, यांच्या कुटुंबाची. त्यांचा मुलगा व सून मीना मेंढरांमागे जातात आणि त्यांचे सात महिन्यांचे बाळ, नाव सोमेश्वर, दिवसभर आजीकडे असते. त्या सकाळी वारा होता म्हणून द्वारकाबाईंनी बाळाला घोंगडीत गुंडाळून छातीशी धरले होते. डाव्या बाजूला मीना आणि मेंढरे, उजव्या बाजूला आजी व नातू, असा फोटो मी काढला. त्यांनी विचारले, "कुठं टाकून राह्यलीस गं हे?" मी म्हणाले, "फेसबुकवर. सगळ्यांना दिसंल, काकू." त्या हसून म्हणाल्या, "दिसू दे. माझा नातू हाये, चोरीचा थोडाच हाये." हे त्यांचे शब्द जसेच्या तसे आहेत.

दि. २ मार्च रोजी, रविवारी, हाच फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागला. डावी बाजू कापलेली होती. मीना नाही, मेंढरे नाहीत. फक्त एक म्हातारी, घोंगडीत झाकलेले मूल आणि कोपऱ्यात माझे नाव. खाली मजकूर असा : 'सावधान. मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात आली आहे. ही बाई घोंगडीत मुले लपवून नेते. फोटो काढणाऱ्याचा नंबर फोटोवरच आहे, खात्री करून घ्या.'

साहेब, लोकांनी खात्री केली. पहिल्याच दिवशी मला एकेचाळीस फोन आले. पहिला फोन एका बापाचा होता. "ताई, ही बाई तुम्हाला कुठं दिसली?" मी सांगितले की ही बाई बाळाची आजी आहे, मजकूर खोटा आहे. ते म्हणाले, "मंग फोटोवर तुमचं नाव कसं काय?" मी म्हणाले, फोटो माझा आहे म्हणून. "म्हंजी फोटो खरा हाये ना?" मी हो म्हणाले. "मंग बराबर हाये," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. फोटो खरा आणि मजकूर खोटा, ही गोष्ट मी त्या दिवसापासून किती जणांना समजावली असेल याचा हिशोब नाही. मी पूर्ण फोटो टाकला, तर लोकांनी खाली लिहिले की स्टुडिओवाली आहे, तिला मेंढरे चिकटवणे काय अवघड. नंतर नंतर फोनवरचा आवाज बदलला. "बाई कुठं लपवली ते सांग, न्हाई तर तू बी त्याच टोळीतली." मी स्टुडिओचे शटर पाडून आत बसू लागले.

दि. ६ मार्च रोजी दुपारी दीडच्या सुमारास मीनाचा फोन आला. "वैनी, जल्दी या. आत्याबाईला धरलंय." आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वस्तीवर पाणी मागायला गेलेल्या द्वारकाबाईंना लोकांनी अडवले होते. वस्तीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला त्या लोकांशी वैर करायचे नाही आणि मला त्यांची भीतीही वाटते. माझे पती अंगद हे जालना एमआयडीसीत कामाला आहेत. त्या दिवशी सुदैवाने घरी होते. निघताना आम्ही पोलीस चौकीच्या बीट अंमलदारांना कळवले आणि कॅमेरा घेऊन मोटारसायकलवर गेलो.

तिथे पन्नास-साठ माणसे होती. द्वारकाबाई मातीत बसल्या होत्या, पोलक्याची बाही फाटलेली. काकासाहेब नावाच्या गृहस्थांनी त्यांचे मनगट धरून ठेवले होते. बाळ एका अनोळखी बाईकडे होते आणि रडून रडून त्याचा आवाज बसला होता. काकासाहेबांनी मला मोबाईल दाखवला. "हे तुमचंच नाव ना?" माझेच, मी म्हणाले. "मंग आता काय सांगता?" मी कॅमेऱ्यातले ९ फेब्रुवारीच्या सकाळचे अकरा फोटो एकामागून एक दाखवले. त्यात मीना बाळाला पाजते आहे, मग सासूच्या हाती देते आहे, मग मेंढरांमागे निघाली आहे. लोक त्या बोटभर पडद्यावर वाकून पाहत होते. तेवढ्यात मेंढरांमागे लांब गेलेली मीना धावत आली. गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "अरे, फोटो काय बघून राह्यलात? लेकरू सोडा खाली, कुणाकडं जातंय ते बघा." बाळ मीनाला बिलगले. मग मीनाच्या कडेवरून द्वारकाबाईंकडे हात करू लागले. तेव्हा काकासाहेबांनी मनगट सोडले आणि मला म्हणाले, "ताई, तुमी हे पहिलेच सांगायचं न्हाई का?" बीट अंमलदार आले, त्यांनी गर्दी पांगवली. जीव वाचला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून द्वारकाबाई आमच्या घरी आहेत. सगळे मला सांगतात, फोटोवरचे नाव काढून टाक, नंबर बदल, सुटशील. मी नंबर बदलला नाही. ज्याला शंका येते तो मला फोन करतो, आणि फोन केला तर निदान एका माणसाला तरी मी खरे सांगू शकते. पण परवापासून फोन एकदम बंद झाले. अर्धा दिवस मी सुटकेचा श्वास घेतला. काल माझ्या मावसबहिणीने दुसऱ्या तालुक्यातून तोच फोटो पाठवला. आता तो खालूनही कापला आहे. चिन्ह नाही, नाव नाही, नंबर नाही. साहेब, शिव्या देणारे फोन यायचे तेव्हा मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी आता घाबरले आहे. त्या लोकांनी आता विचारायचे कुणाला?

मेंढरे पुढे गेली आहेत. शुक्रवारी कळप तालुक्याची हद्द ओलांडणार आणि द्वारकाबाईंना त्यासोबत जावेच लागेल. मेंढरांमागे माणूस कमी पडते आणि बाळाला सांभाळणारे दुसरे कोणी नाही. पुढच्या गावांत त्यांना कोणी ओळखत नाही. कॅमेरा घेऊन मी प्रत्येक गावी पोहोचू शकणार नाही.

सबब विनंती की, सोबत जोडलेला पूर्ण फोटो एका कागदावर चिकटवून, 'ही बाई या बाळाची सख्खी आजी आहे', एवढेच त्याखाली लिहून आपली सही व शिक्का द्यावा. शिक्का फोटोच्या मधोमध मारावा, म्हणजे कुणाला कापता येणार नाही. तोंडावर आला तरी चालेल. आजीच्या दाखल्याचा नमुनाच नाही असे मला जाणत्या लोकांनी सांगितले आहे. नमुना नसेल तर साध्या कागदावर द्यावा. तसेच कळपाच्या वाटेवरील गावांच्या पोलीस पाटलांना हा फोटो खोट्या मजकुरासह पसरवला जात असल्याचे कळवावे, ही हात जोडून विनंती.

आज सकाळी मीना बाळाला घेऊन कळपावरून आली आणि हा अर्ज देण्यासाठी आम्ही तिघी बाळासह निघालो. बसस्टँडवर मीना पाण्याची बाटली भरायला गेली. जाताना बाळाला बाकावर, आम्हा दोघींच्या मध्ये ठेवले. ते रडू लागले. द्वारकाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मी म्हणाले, "घ्या की, काकू." त्या म्हणाल्या, "म्या न्हाई घेत इथं. माणसं बघून राह्यलीत. तू घे माय." खरे लिहायचे तर मीही हात पुढे केला नाही. समोर चार-पाच जण उभे होते आणि त्यांतल्या एकाने मोबाईल वर धरला होता. मीना येईपर्यंत बाळ रडत राहिले.

आपल्या शिक्क्याची वाट पाहत कार्यालयाच्या व्हरांड्यात बसलेली,

(सही)
सौ. तृप्ती अंगद भुतेकर

सोबत :
१) दि. ९ फेब्रुवारीचा पूर्ण फोटो, दोन प्रती
२) कापून पसरवलेल्या दोन्ही फोटोंच्या प्रती
३) बाळाच्या जन्मनोंदीची झेरॉक्स
४) द्वारकाबाई यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.
निशाणी डाव्या हाताचा अंगठा : द्वारकाबाई कडूबा देवकते
(उजवे मनगट सुजलेले आहे.)